कार्लटनचे कॉम्प्स आणि आजोबांचं बोर्डिंग

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नॉर्थफिल्ड नावाचं गाव आहे, तिथल्या कार्लटन कॉलेजात मी चार वर्षं शिकले. शेवटच्या वर्षी तिथे प्रत्येकाला कॉम्प्स नावाचं एक मोठं काम करावं लागतं, आणि ते करताना मला ते कॉलेज खरं कळलं, म्हणून मुख्यतः त्याबद्दलच लिहितेय. पण आधीचं थोडं सांगावंच लागेल, नाहीतर कॉम्प्समध्ये एवढं काय आहे ते कळणार नाही.

कॉलेज छोटं आहे. जेमतेम दोन हजार मुलं, सगळी बॅचलर्सची. मास्टर्स नाही, पीएचडी नाही. याचा अर्थ काय ते मला पहिल्या महिन्यातच कळलं. मोठ्या युनिव्हर्सिटीत तुमचा पेपर एखादा पीएचडी करणारा मुलगा तपासतो, इथे तसं कुणीच नाही, प्रोफेसर स्वतः वाचतात, समासात स्वतःच्या हाताने लिहितात आणि मग तुम्हाला बोलावून विचारतात की हे वाक्य तू का लिहिलंस. वर्गात पंधरा-वीस जण, टेबलाभोवती बसलेले. तिथे मागचा बाकच नसतो.

१८६६ मध्ये काँग्रिगेशनल चर्च या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी हे कॉलेज काढलं, पुढे विल्यम कार्लटन नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या गृहस्थाने ५० हजार डॉलर दिले म्हणून त्याचं नाव लागलं. गावाची वस्ती वीस हजाराच्या आसपास, मधून कॅनन नदी वाहते, नदीपलीकडच्या टेकडीवर सेंट ओलाफ हे दुसरं कॉलेज आहे, आणि गावाचं ब्रीदच आहे गाई, कॉलेजं आणि समाधान. नाश्त्याला दुधात घालून खातात ते सीरियल बनवायचा कारखाना आहे, वारा फिरला की अख्ख्या कँपसवर गोड भाजका वास पसरतो. मी कराडची, कृष्णा-कोयनेच्या काठची, त्यामुळे नदीचं आणि साखर कारखान्याच्या वासाचं मला काही नवं नव्हतं, उलट त्यामुळे पहिल्या आठवड्यात जरा धीर आला.

ॲडमिशनचं फार लांबवत नाही. हे कॉलेज ज्याला घेतं त्याची आर्थिक गरज पूर्ण भागवतं, परदेशी विद्यार्थ्यांचीसुद्धा, पण परदेशी मुलांना घेताना पैशाचा विचार होतो त्यामुळे जागा कमी आणि स्पर्धा प्रचंड. बाबांचा फॉर्म १६, शेताचा सातबारा, आजोबांची पेन्शन हे सगळं डॉलरमध्ये बसवून फॉर्म भरायचा हे काम बाबा आणि मी रात्री जागून केलं. मग निबंध, मग वाट बघणं, मग मुंबईला बीकेसीत अमेरिकन वकिलातीत व्हिसा. आईला एकच चिंता होती, एवढ्या थंडीत ही पोरगी राहणार कशी.

आता थंडी. जानेवारीत उणे पंचवीस म्हणजे काय ते शब्दात सांगून कळत नाही, नाकातला ओलावा गोठतो, पापण्यांवर बर्फ धरतो, आणि तरीही लोक बाहेर असतात! कॉलेजच्या मधोमध एक मोठं गवताचं मैदान आहे, त्याला बाल्ड स्पॉट म्हणतात, हिवाळ्यात त्यावर पाणी सोडून बर्फाची रिंक करतात. तिथे चार टर्म पीई, म्हणजे शारीरिक शिक्षण, कंपल्सरी आहे, त्यातल्या एका टर्मला मी स्केटिंग घेतलं. शिकवणारी मुलगी माझ्याहून एकच वर्षाने मोठी होती, माझे दोन्ही हात धरून ती उलटी स्केटिंग करत मला पुढे घेऊन जायची. टर्म संपेपर्यंत मी एकटी फेरी मारायला लागले. घरी व्हिडिओ पाठवला तर आजीने तो शेजारच्या चार घरी नेऊन दाखवला.

टर्म हा शब्द आलाय तर तेही सांगते, कारण तिथल्या सगळ्या जगण्याचा वेग त्यावर ठरतो. वर्षात तीन टर्म, प्रत्येक दहा आठवड्यांची, एका टर्ममध्ये तीनच विषय. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्यात पहिला पेपर, पाचव्यात मिडटर्म, आठव्यात सगळे लायब्ररीत, आणि दहाव्यात संपलंसुद्धा. आजारी पडायला वेळ नाही. आपल्याकडे वर्षभर निवांत आणि शेवटी महिनाभर रट्टा, ती सवय असलेल्या माणसाला हा वेग सुरुवातीला जीव काढणारा वाटतो. मला वाटला. पण त्यात एक चांगलं असं की तीन विषय डोक्यात सतत ताजे राहतात, सकाळच्या इतिहासाच्या तासाला ऐकलेलं दुपारी जिऑलॉजीच्या लॅबमध्ये आठवतं, आणि जेवायला बसलं की समोरचा म्युझिकवाला त्यावर तिसरंच काहीतरी सांगतो.

पहिल्या टर्ममध्ये प्रत्येकाला एक सेमिनार असतो, वाद कसा मांडायचा, प्रश्न कसा विचारायचा ते शिकवणारा. मी तिथे गप्प बसायचे. मला यायचं सगळं, वाचूनही जायचे, पण न विचारता बोलायची सवय नव्हती, सर बोलत असताना मध्ये बोलणं उद्धटपणाचं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात प्रोफेसरांची ईमेल आली, दोनच ओळी, आज तू काहीतरी बोलणार होतीस असं तुझ्या चेहऱ्यावरून वाटलं, काय होतं ते, उद्या ऑफिसात येऊन सांग. मी गेले. अर्धा तास बसले. पुढच्या तासाला त्यांनी माझं नाव घेऊन सांगितलं की हिच्याकडे एक मुद्दा आहे, तो आपण ऐकूया. हे असं माझ्याबाबतीत आधी कधी झालं नव्हतं, की मी बोलले नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं. छोट्या कॉलेजचा माझ्या मते हाच सगळ्यात मोठा गुण आहे, आणि काही मुलांना हाच नकोसा होतो, कारण तिथे दिसेनासं होता येत नाही. तुमचं ब्रेकअप झालं तरी सगळ्यांना माहीत, तुम्ही दोन दिवस जेवायला आला नाहीत तरी माहीत. मला ते मानवलं, गावात वाढलेल्या माणसाला मानवतंच.

त्या कॉलेजच्या स्वभावाबद्दल सांगायचं तर डेसी मोझेसच्या घराबद्दल सांगायलाच हवं. डेसी मोझेस या बाई कॉलेजात नोकरीला होत्या, त्यांच्या घराचं दार विद्यार्थ्यांना कायम उघडं असायचं, कुणीही यावं, बसावं, पत्ते खेळावेत, खावं. १९८१ मध्ये त्या वारल्या, नव्वदी कधीच ओलांडली होती, आणि घर कॉलेजला देऊन गेल्या. ते घर आजही तसंच चालतं. मैदा, साखर, बटर, चॉकलेट चिप्स तिथे ठेवलेलं असतं, कुठल्याही विद्यार्थ्याने जावं आणि कुकीज भाजाव्यात, पैसे नाहीत, फक्त भांडी घासून ठेवायची आणि जे केलंय ते येणाऱ्या-जाणाऱ्यालाही द्यायचं. रविवारी तिथे ब्रंच असतो, प्रोफेसर, गावातले म्हातारे लोक, मुलं सगळे एका खोलीत. मी आईने दिलेली वेलची घेऊन तिथे नानकटाई केली होती, डालडा नव्हता म्हणून बटर फेटून फेटून हात दुखले, पण अशी खुसखुशीत झाली की ट्रे बाहेर काढल्या काढल्या संपली. त्या दिवशी ओळख झालेली एक मुलगी पुढे चारही वर्षं माझी सगळ्यात जवळची मैत्रीण राहिली.

अशा बऱ्याच गोष्टी. शुक्रवारी फुलं विकायला येतात, ती घेऊन मित्रमैत्रिणींच्या टपालपेटीत ठेवायची पद्धत आहे, परीक्षेच्या आठवड्यात आपल्या पेटीत एक डेझी दिसली की दिवस बदलतो. फायनल्सच्या आदल्या रात्री सगळे खिडक्या उघडून एकदम जोरात ओरडतात. वसंतात एक सॉफ्टबॉलची मॅच असते, कॉलेजला जितकी वर्षं झाली तितक्या इनिंग्ज, म्हणजे दीडशेच्या वर, पहाटे उजाडताना सुरू. शिलर या जर्मन कवीचा एक अर्धपुतळा पिढ्यानपिढ्या विद्यार्थी लपवून ठेवतात आणि अचानक कुठल्यातरी गर्दीत वर करून दाखवतात, की सगळे त्याच्या मागे धावतात. आणि १९६३ मध्ये चॅपलची हजेरी सक्तीची होती त्याला विरोध म्हणून मुलांनी चक्क एक नवा धर्मच काढला, ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुजाऱ्यांच्या नावाचा, पुढच्या वर्षी सक्ती गेली पण तो पंथ राहिला. मला ही गोष्ट फार आवडते. नियम पटत नाही ना, मग त्यावर विचार करून, हसतखेळत, पण नेटाने काहीतरी करून दाखव, हा तिथला खाक्या आहे.

आता कामाबद्दल. तिथे बहुतेक सगळी मुलं कँपसवर नोकरी करतात, आठवड्याला आठ-दहा तास. मी लायब्ररीत काउंटरला होते. टेकडीच्या उतारावर बांधलेली लायब्ररी आहे, तुम्ही दारातून आत जाता ते थेट चौथ्या मजल्यावर आणि मग खाली उतरत जाता. तिला लॉरेन्स गूल्ड यांचं नाव आहे, ते रिचर्ड बर्ड या अमेरिकन संशोधकाच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेत दुसऱ्या नंबरचे होते आणि नंतर १९४५ ते १९६२ कॉलेजचे प्रेसिडेंट. तर मी फोनवर आजोबांना सांगितलं की मी पुस्तकं लावते, तासाला इतके डॉलर मिळतात, मला वाटलं नातीला काम करावं लागतंय म्हणून त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "अगं मग हे आमचंच झालं की. कमवा आणि शिका."

आजोबा १९५० च्या दशकात साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकले, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये काढलेलं कॉलेज, सकाळी शेतात काम, दुपारी तास. त्याआधी शाळेसाठी ते बोर्डिंगात होते. हे मला लहानपणापासून माहीत होतं, घरात कर्मवीरांचा फोटो आहे, ज्या काले गावात १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू झाली ते आमच्या तालुक्यातलंच. पण ते एक शाळेत पाठ केलेलं होतं, जयंतीला भाषण करण्यापुरतं. लायब्ररीच्या काउंटरवर उभं राहून पहिल्यांदा असं वाटलं की हे नीट समजून घ्यावं, माणसं एकत्र राहून, काम करून शिकतात त्यात नेमकं काय घडतं.

मी गेले होते इकॉनॉमिक्स करायला. तिथे मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवतात, तोपर्यंत सगळं थोडं थोडं करावं लागतं, सायन्सची लॅब, कला, आकडेमोड, भाषा. मी इतिहास घेतला. बाबा दोन दिवस फारसे बोलले नाहीत, मग म्हणाले, "नीट विचार केलायस ना, मग झालं."

आणि तिथे मला कळलं की याच डिपार्टमेंटमध्ये एलिनॉर झेलियट शिकवत होत्या. १९६९ ते १९९७. आंबेडकरी चळवळीवर पीएचडी केलेल्या, दलित साहित्य, संतसाहित्य यावर आयुष्यभर काम केलेल्या बाई, आयोवात जन्मलेल्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या, आणि महाराष्ट्रात त्यांना ओळखणारी माणसं गावोगाव. २०१६ मध्ये त्या गेल्या. मिडवेस्टमधल्या अशा छोट्या कॉलेजांचा मिळून पुण्यात एक कार्यक्रम अनेक वर्षं चालायचा, तिथली मुलं पुण्यात घरोघर राहून मराठी शिकायची. नॉर्थफिल्डमध्ये एक वयस्कर बाई डेसी मोझेसच्या ब्रंचला मला भेटल्या आणि "कशी आहेस गं, जेवलीस का" असं स्वच्छ मराठीत म्हणाल्या, तेव्हा मला काही सुचेचना, घशात आवंढाच आला. त्या कॉलेजात असताना पुण्याला सदाशिव पेठेत एका कुटुंबात राहिल्या होत्या. त्यांच्या घरी नंतर मी बऱ्याचदा गेले, कांदेपोहे त्या माझ्यापेक्षा चांगले करतात.

तर कॉम्प्स. प्रत्येक विषयात त्याचं रूप वेगळं असतं, कुणाची परीक्षा, कुणाचा प्रयोग, कुणाचं नाटक. इतिहासात एक मोठा पेपर, मूळ साधनांवर आधारलेला, फॉल टर्ममध्ये प्रपोजल, विंटरमध्ये लिखाण, मग सगळ्यांसमोर मांडणी. तो पास झाल्याशिवाय डिग्री नाही. माझा विषय मी असा मांडला होता की शाहू महाराजांची कोल्हापूरची वसतिगृहं आणि भाऊरावांचं साताऱ्याचं बोर्डिंग, १९०१ ते १९२७. मला वाटत होतं की मस्त विषय आहे, प्रेरणादायी आहे, लोक खूश होतील.

माझ्या ॲडव्हायजर मध्ययुगीन युरोपच्या. मठांवर त्यांचं काम, साधू लोक एकत्र कसे राहायचे, त्यांचे नियम वगैरे. महाराष्ट्राचं त्यांना काही माहीत नव्हतं आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं. प्रपोजल वाचून म्हणाल्या, यात थोर माणसं आहेत, मुलं कुठे आहेत? मग विचारलं, स्वयंपाक कोण करायचं? पाणी कुठून यायचं, कोण भरायचं? जेवायला कोण कुणाशेजारी बसायचं? मला यातल्या एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, मठाचा इतिहास लिहायचा तर आधी मुदपाकखान्यात जावं लागतं, तू तुझ्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात जा.

या एका प्रश्नाने माझं सगळं काम फिरलं. कारण विषयाची गाठ खरंच तिथे होती. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, अशी समाजासमाजाची वेगळी वसतिगृहं उभी राहिली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात राहायची-जेवायची सोय नसेल तर शाळा फुकट असून काय उपयोग, हे महाराजांनी नेमकं ओळखलं. पण वसतिगृहं वेगळी. त्या काळात एकत्र पंगत म्हटलं असतं तर आईबापांनी पोरं धाडलीच नसती, आणि प्रत्येक समाजाने आपल्या बोर्डिंगसाठी पैसा उभा करावा हाही त्यात हेतू होता. भाऊराव स्वतः कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकलेले. आणि त्यांनीच १९२४ मध्ये साताऱ्याला जे बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र, एकाच चुलीवरचं खाणारी, स्वयंपाक आळीपाळीने मुलांनीच करायचा. पुढे ते धनिणीच्या बागेत भरलं. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. वेगळ्या चुलींपासून एका चुलीपर्यंतचा हा पंचवीस वर्षांचा प्रवास, हाच माझा पेपर झाला. तारखा मला आधीही पाठ होत्या, चूल दिसली नव्हती.

साधनं शोधणं हे सगळ्यात कष्टाचं. पण इथे नशीब असं की मिनियापोलिसला मिनेसोटा युनिव्हर्सिटीत एम्स लायब्ररी आहे, दक्षिण आशियावरच्या पुस्तकांची, तासाभराच्या अंतरावर. सकाळची बस पकडायची, दिवसभर तळघरात बसायचं, संध्याकाळच्या बसने परत. कोल्हापूरला छापलेले शाहू महाराजांच्या कागदपत्रांचे खंड मी पहिल्यांदा तिथे हातात घेतले. कराडपासून कोल्हापूर सत्तर-ऐंशी किलोमीटर, आणि ते खंड मी बघितले मिनियापोलिसला, बाहेर गुडघाभर बर्फ असताना. त्यात पैशाचे हुकूम होते, जागांचे, देणग्यांचे, किती मुलांची सोय त्याचे, पण पोरं काय खायची ते फार कमी. म्हणून आजोबा.

माझे रात्रीचे नऊ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेआठ, चहा झालेला, पेपर वाचून झालेला. आधी त्यांना वाटायचं की मला भाषण हवंय, ते कर्मवीरांवर गंभीर आवाजात बोलायला लागायचे. मी म्हणायचे, आजोबा, ते नको, भाकरी कोण थापायचं ते सांगा. हळूहळू ते खुलले. मोठी पोरं पीठ मळायची, थापायला जमणारी तीन-चारच असायची, त्यांना मान असायचा. आमटी पातळ. सणाला गूळ. सुट्टीला घरी जाऊन परत येताना ज्याला जमेल त्याने धान्य आणायचं, ज्याच्या घरी काही नाही त्याला कुणी विचारायचं नाही. पहिल्या दिवशी पंगतीला शेजारी कोण बसलंय हे कळल्यावर पोटात कालवलं, हे त्यांनी मला सांगितलं, आमच्या घरात कुणालाच कधी सांगितलेलं नव्हतं. म्हणाले, "आठ दिवसांनी भूक एवढी लागायची की कोण शेजारी बसलंय ते बघायला सवड नव्हती." तो शेजारी बसलेला मुलगा पुढे त्यांचा आयुष्यभराचा मित्र झाला, त्यांना मी लहानपणी काका म्हणायचे.

ॲडव्हायजरना मराठी येत नाही, म्हणून मी प्रत्येक उतारा भाषांतर करून न्यायचे. त्या प्रत्येक वाक्यावर थांबायच्या, हे तुला कशावरून माहीत? आजोबा १९५० च्या दशकातलं सांगतायत, तू १९२४ चं लिहितेयस, मधल्या तीस वर्षांत काही बदललं नसेल कशावरून? त्या कधीच कठोर बोलल्या नाहीत पण सोडायच्याही नाहीत. प्रत्येक भेटीनंतर दोन पानं रद्द व्हायची. आजोबांच्या आठवणी शेवटी मी वेगळ्या भागात ठेवल्या, १९२४ चा पुरावा म्हणून त्यांना वापरलंच नाही, आणि त्यामुळे दोन्ही भाग पक्के झाले.

आणि मग आमचा गट. कॉम्प्स लिहिणाऱ्या चार-पाच जणांचा गट असतो, प्रत्येकाने एकमेकांचा मसुदा वाचून यायचं, दर आठवड्याला. आमच्या गटात एक मुलगी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या बोर्डिंग शाळांवर लिहीत होती. मला त्याबद्दल जवळजवळ काहीच माहिती नव्हती. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला पहिली मोठी शाळा निघाली, मुलांना आईबापांपासून तोडून तिथे न्यायचं, केस कापायचे, नाव बदलायचं, आपली भाषा बोलली तर शिक्षा. शेतावर आणि कारखान्यात कामही करून घ्यायचे, त्यालाही शिक्षणच म्हणायचे. ज्या जमिनीवर नॉर्थफिल्ड वसलंय ती डकोटा लोकांची, म्हणजे हे काही लांबचं नव्हतं.

तिने माझा मसुदा वाचला आणि म्हणाली, तुझ्या पेपरमध्ये मुलं घर सोडून येतात, एका साच्यात राहतात, काम करतात, आणि तू लिहितेयस की हे मुक्ती देणारं होतं. माझ्या पेपरमध्ये नेमकं हेच सगळं आहे आणि ते उद्ध्वस्त करणारं आहे. फरक काय ते तू लिहिलेलं नाहीस. मी रात्रभर त्यावर विचार करत बसले, राग नाही आला, उलट असं वाटलं की कुणीतरी मला खरंच मनापासून वाचलंय. मग आम्ही दोघी डेसी मोझेसच्या स्वयंपाकघरात बसून रात्री उशिरापर्यंत बोललो. आईबाप पाठवतात की सरकार उचलून नेतं. पोराची भाषा टिकते की मारली जाते. सुट्टीत घरी जाता येतं का. शिकून परत आपल्या माणसांत येता येतं का, की तो रस्ताच बंद केलेला असतो. आजोबा धान्य आणायला घरी जायचे हा तपशील तोपर्यंत माझ्यासाठी फक्त गोड आठवण होता, त्या रात्री तो माझ्या पेपरचा कणा झाला. आणि तिनेही तिच्या पेपरात मुलांनी घरी लिहिलेल्या पत्रांवर एक नवा भाग लिहिला.

मला कुणी विचारलं की अशा कॉलेजात काय मिळतं, तर मी ही रात्र सांगते. तिथली मुलं हुशार असतात, पण हुशार मुलं सगळीकडे असतात. तिथे मुलं दुसऱ्याचं काम आपलं असल्यासारखं वाचतात. ग्रेडची तुलना करत नाहीत, तुझे किती आले हे विचारणं तिथे असभ्य समजतात, आणि त्यामुळे मदत करताना आत काही अडत नाही. फायनल परीक्षासुद्धा बऱ्याच विषयांत आपापली वेळ निवडून देता येते, आधी दिलेला नंतरच्याला पेपर सांगत नाही. मी बारावीपर्यंत ज्या वातावरणात वाढले त्यात हे शक्य आहे यावर माझा विश्वास बसला नसता. विश्वास ठेवला की माणसं तसं वागायला लागतात, निदान तिथे मी हे रोज बघितलं.

फेब्रुवारीत थंडी हाडात शिरली होती, सूर्य साडेपाचला गायब, आणि आठव्या आठवड्यात पूर्ण मसुदा द्यायचा होता. लायब्ररीत माझी काउंटरची पाळी संपली की मी तिथेच खालच्या मजल्यावर उतरायचे. रूममेट जेवणाच्या वेळी डबा भरून आणायची. मैत्रिणीने माझ्या टपालपेटीत फुलं ठेवली होती, सोबत चिठ्ठी, भाकरीचा भाग सगळ्यात छान झालाय. मसुदा गेला, त्यावर आलेल्या सूचना तेवढ्याच लांब होत्या, पुन्हा लिहिलं.

मांडणी स्प्रिंग टर्ममध्ये झाली. खोलीत तीसेक लोक, इतिहासवाले, रिंकवर हात धरणारी ती मुलगी तोपर्यंत पास होऊन गेली होती पण व्हिडिओवर होती, पुण्याला राहिलेल्या त्या बाई पहिल्या रांगेत, आणि लायब्ररीतला माझा सुपरवायजर. पहिला प्रश्न जिऑलॉजीच्या प्रोफेसरांनी विचारला, तिथे पाणी कुठून यायचं. मी त्यांच्याकडे पहिल्या वर्षी एकच कोर्स केला होता, तरी ते आले होते. पाण्याचं मला थोडंसंच सांगता आलं.

त्या रात्री आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं विहिरीचं लिहिलंच नाहीस? विहीर आम्ही खणली, कॉलेजात असताना, मुरूम लागला, मग कातळ लागला, महिनोन्महिने चाललं होतं." आणि मग तासभर विहीर. अंतिम प्रत द्यायला अजून थोडे दिवस होते. मी ॲडव्हायजरना विचारलं की आठवणींच्या भागात दोन पानं वाढवली तर चालतील का, त्यांनी विचारलं, ही विहीर आहे हे तुझ्या आजोबांशिवाय आणखी कोण सांगतं? आजोबांनी कराडमधल्या आणि साताऱ्यातल्या आपल्या जुन्या मित्रांना फोन लावले. दोघांनी सांगितलं विहीर खरी, पण एक म्हणाला कातळ लागलाच नव्हता. मी तसंच लिहिलं, एकाचं म्हणणं असं, दुसऱ्याचं तसं. पेपर पास झाला.

त्याचा मराठी मसुदा मी नंतर आजोबांसाठी केला, बाबांनी त्याच्या झेरॉक्स काढून त्या म्हाताऱ्यांना वाटल्या. त्यांच्या दुरुस्त्या अजून येतायत, गेल्या महिन्यात एकांनी वहीची चार पानं भरून पाठवली, कोण कोणत्या खोलीत राहायचं त्याची यादी आहे, आणि तिसऱ्या पानावर आजोबांशी कडाक्याचं भांडण आहे की सणाला गूळ मिळायचा की साखर. मी दोघांनाही फोन करून विचारतेय, कुठल्या वर्षीचं म्हणताय.